सन खोटा, मग नाणंही खोटं का?

(वाचकांचे प्रश्न आणि आमच्या नाणेसंग्राहक स्तंभलेखिकेची उत्तरं)

प्रश्न : अमेरिकेतल्या भाच्याने मला चांदीचा एक ‘पीस डॉलर’ भेट दिला. त्यावर सन १९६४ आहे आणि मागे ‘डी’ हे डेन्व्हर टाकसाळीचं अक्षर. सोबतच्या कागदावर हे सरकारी नाणं नसून कल्पित सनाची खासगी छाप आहे, असं लिहिलंय. आमच्या ओळखीचे एक जुने संग्राहक ते पाहताच म्हणाले, ‘‘बनावट आहे, घरात ठेवू नका.’’ भाचा म्हणतो, यात बेकायदा काही नाही. कोणाचं ऐकू?

उत्तर : नाणं ठेवा, आणि तो कागद नाण्याहून जपून ठेवा. तुमच्या परिचितांचा राग मला समजतो, भाच्याची बाजूही पोकळ नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीस डॉलर १९२१ ते १९२८ आणि पुन्हा १९३४-३५ या वर्षांत पाडले गेले. पुढे जवळजवळ तीस वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने चांदीच्या डॉलरला पुन्हा मंजुरी दिली आणि मे १९६५ मध्ये डेन्व्हर टाकसाळीने जुन्याच छापाचे ३,१६,०७६ डॉलर पाडले. त्यांवर सन घातला १९६४. त्या काळात चांदी महागत चालली होती आणि लोकांना सुटी नाणी मिळेनाशी झाली होती. हे डॉलर व्यवहारात न येता थेट साठेबाजांकडे जाणार, अशी ओरड झाली. काही दिवसांतच निर्णय फिरला आणि सगळी नाणी वितळवण्याचा आदेश निघाला. एखादं निसटलं असावं अशी कुजबुज अजून चालते. पण तज्ज्ञांनी पारखून अस्सल ठरवलेलं एकही नाणं समोर आलेलं नाही. आलंच, तर ती सरकारी मालमत्ता असेल, अशी तिथल्या सरकारची भूमिका आहे.

ज्याच्याबद्दल सगळ्यांनी ऐकलंय आणि जे कोणाकडेच नाही, अशा नाण्याची ओढ फार मोठी असते. कोलोराडोतल्या डॅनियल कार यांनी २०१० मध्ये ती ओळखली. या माणसाचा हात कसलेला आहे. २००१ मधल्या न्यूयॉर्क आणि ऱ्होड आयलंड राज्यांच्या पाव डॉलरची चित्रं त्यांच्या आराखड्यांवरून झाली. डेन्व्हर टाकसाळीने निकालात काढलेलं एक छापयंत्र त्यांनी मिळवलं, स्वतःचे ठसे तयार केले आणि अस्सल जुने पीस डॉलर घेऊन त्यांच्यावरच १९६४ चा ठसा मारला. धातू सरकारीच राहिला, वजन तेच राहिलं, सन मात्र बदलला.

तुमचं नाणं खरोखर त्यांचंच आहे का, हे आधी बघा, कारण या सनाच्या हलक्या धातूच्या स्वस्त नकलाही फिरतात. वजन २६.७३ ग्रॅमच्या आसपास भरायला हवं. चांदी ९० टक्के असते. मग तिरक्या उजेडात भिंगाखाली सनाच्या आणि अक्षरांच्या कडा तपासा. दुबार ठसा मारलेल्या नाण्यावर जुन्या छापाच्या पुसट खुणा कधीकधी दिसतात. वजनच कमी भरलं, तर पुढचं सगळं विसरा. ती साधी नक्कल आहे.

आता मुख्य प्रश्न. अमेरिकेत १९७३ चा छंदसंरक्षण कायदा आहे. मूळ नाण्याची नक्कल असेल किंवा मूळ नसताना मूळ असल्याचा आव असेल, तर त्या वस्तूवर ‘कॉपी’ हा शब्द स्पष्ट आणि कायमचा खोदलेला हवा. कागदावर, डबीवर लिहून चालत नाही, धातूतच हवा. २०१४ मध्ये हा कायदा आणखी कडक केला गेला आणि विकणाऱ्यांवरही जबाबदारी आली. अशा छापांच्या बाजूने युक्तिवाद होतो तो असा, की या सनाचं मूळ नाणंच अस्तित्वात नाही, मग नक्कल कशाची? शिवाय खाली खरं डॉलरचं नाणं आहे, आणि फसवण्याच्या हेतूशिवाय नाण्यात फेरफार करायला तिथे सरसकट बंदी नाही. विरोधक विचारतात, चित्र तेच, अक्षरं तीच, किंमतही ‘वन डॉलर’च, फक्त चार आकड्यांनी ते वेगळं कसं ठरतं?

फक्त सनावर बोट ठेवून या वादाचा निकाल लागेल, असं मला वाटत नाही. खुद्द टाकसाळींनी सनाशी किती खेळ केलेत बघा. अमेरिकेतलं सर्वांत गाजलेलं नाणं म्हणजे १८०४ चा डॉलर. १८०४ मध्ये तो पाडलाच गेला नव्हता. त्या वर्षी निघालेल्या डॉलरवर आधीचेच सन होते. १८०४ हा सन घातलेली नाणी तयार झाली १८३४-३५ मध्ये, मस्कतचा सुलतान आणि सयामचा राजा यांना द्यायच्या नजराण्यांसाठी. पुढे टाकसाळीतल्याच लोकांनी गुपचूप आणखी काही पाडली, आणि त्यांतलं एक तर बर्नच्या १८५७ मधल्या स्विस चांदीच्या नाण्यावर ठसा मारून केलं. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दुसऱ्याच नाण्यावर, खोट्या सनाचा, चोरून मारलेला ठसा! तरी त्याला कोणी बनावट म्हणत नाही.

ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा १७८० मध्ये वारली. तिच्या थेलर या चांदीच्या नाण्यावर तोच सन कायम ठेवून जगभरच्या टाकसाळींनी तो पुढे पाडला, कारण अरबस्तान आणि इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना दुसरं नाणं चालत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टाकसाळीनेही ते काम केलं. व्हिक्टोरिया राणीच्या १८६२ सनाच्या रुपयाचंही तेच. तो सन १८७४ पर्यंत चालू होता. मुंबईच्या रुपयांवरचे बारीक ठिपके मोजून संग्राहक खरं वर्ष लावतात. मला तो अभ्यास फार आवडतो.

याउलट फ्रान्सिस हेनिंगची गोष्ट. न्यू जर्सीतल्या या माणसाने १९५० च्या दशकात पाच सेंटची नाणी पाडून खपवली. त्यांतल्या ज्यांवर सन १९४४ होता, ती उघडी पडली. युद्धकाळातल्या त्या नाण्यांवर इमारतीच्या घुमटाच्या वर टाकसाळीचं मोठं अक्षर असतं, ते त्याने घातलंच नव्हतं. १९४४ हा सन अगदी खराखुरा, आणि नाणं पूर्णपणे बनावट. समोरच्याने ते सरकारी समजून घ्यावं, एवढ्याचसाठी ते जन्माला आलं होतं.

म्हणून कार यांच्या छापेला मी बनावट म्हणणार नाही. ती काय आहे हे विकतानाच सांगितलं गेलं. पण धातूवर खूण नाही, हा मला मोठा दोष वाटतो. नाणी माणसांपेक्षा जास्त जगतात. कागद हरवतो, डबी बदलते, आणि पन्नास वर्षांनी हा डॉलर अशा कोणाच्या तरी हातात जातो ज्याला वितळवलेल्या त्या नाण्यांची गोष्ट अर्धीच ठाऊक असते. त्या माणसाला फसवायला मग कोणी लबाड लागणार नाही, नाणंच पुरेल. तुमच्या परिचितांचा राग मी या जागी मान्य करते.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत तांब्याचं मोठं नाणं सापडलं. एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘हाफ आणा’ आणि १८१८. याची लाखांत किंमत येते असं ऐकलं. खरं काय? हे ठेवणं गुन्हा आहे का?

उत्तर : ठेवणं गुन्हा नाही, आणि लाखही येणार नाहीत. माझ्याकडे सर्वांत जास्त पत्रं याच नाण्याबद्दल येतात; कधी हनुमान असतो, कधी सन १६१६ किंवा १७१७ असतो.

ही कल्पित सनाची टोकन, म्हणजे नाण्यासारखे दिसणारे बिल्ले आहेत, कंपनीची नाणी नाहीत. १८१८ मध्ये बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांची नाणी वेगवेगळी होती. तुमच्या तुकड्यावर जी मांडणी आहे, म्हणजे वेलीच्या चक्रात ‘हाफ आणा’ आणि भोवती कंपनीचं नाव, ती १८३५ च्या कायद्याने सगळ्या कंपनी मुलखाला एकच नाणं लागू झालं तेव्हाची. टोकन करणाऱ्याने ती उचलली आणि मागे सन मात्र आधीचा घातला. १६१६ तर अगदीच अशक्य. मुंबई बेटच कंपनीकडे आलं १६६८ मध्ये. मात्र ‘कंपनीने देवाचं नाणं कधी पाडलंच नाही’ असं कोणी सांगितलं, तर तेही मानू नका. मद्रासच्या सोन्याच्या ‘थ्री स्वामी’ पॅगोड्यावर वेंकटेश्वर आणि त्याच्या दोन देवी आहेत. ते नाणं सोन्याचं आणि लहानसं असतं. तुमच्या तांब्याच्या तुकड्याशी त्याचा संबंध नाही.

कायद्याचं सांगते. भारतीय न्याय संहितेत बनावट करणं म्हणजे एका वस्तूला दुसरीसारखं रूप देणं, त्या साम्यातून फसवणूक करण्याच्या हेतूने किंवा ती होण्याची शक्यता माहीत असताना. आणि नाणं म्हणजे सध्या पैसा म्हणून चालणारा, शासनाने पाडलेला धातू. रामदरबाराचं टोकन यात बसत नाही. ते ज्याची नक्कल करेल असं नाणंच नव्हतं. पण तेच टोकन ‘कंपनीचं दुर्मीळ नाणं’ म्हणून पैसे घेऊन विकलं, तर ती फसवणूक होते, आणि तिथे त्याच संहितेचं कलम ३१८ आहे. वस्तू निर्दोष असू शकते, व्यवहार गुन्हा ठरू शकतो.

‘हे तांदूळ ओढतं, परदेशी कंपनी कोटी देईल’ असं सांगत कोणी आलं, तर दार लावून घ्या. तांदूळ तांब्याकडे ओढला जात नाही. तिथे चुंबक आणि लोखंडाची पूड असते. या धंद्यात लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालवली आहे, हे मी कळवळून लिहिते आहे. जुनी नाणी विकून देतो म्हणत रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क मागणाऱ्यांबद्दल खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारात नसते.

आजोबांचं टोकन मात्र टाकू नका. ते कोणीतरी श्रद्धेने देव्हाऱ्यात ठेवलेलं असू शकतं, आणि तेवढ्यासाठी ते जपण्यासारखं आहे.

प्रश्न : माझ्या संग्रहात अशा कल्पित सनाच्या काही छापा आहेत. पुढे कोणी फसू नये म्हणून मीच त्यांच्यावर ‘प्रत’ असं कोरून घेऊ का?

उत्तर : तुमची काळजी फार योग्य आहे, पण सोनाराकडे जाऊ नका. खूण करायची ती पाडणाऱ्याने, ठशातच. आता कोरलं तर वस्तू बिघडेल आणि तिचा इतिहासही.

त्यांना अस्सल नाण्यांच्या ट्रेमध्ये मिसळू नका; वेगळा कप्पा करा. प्रत्येकीच्या कागदी पाकिटावर कोणी पाडली, कधी, कोणत्या नाण्यावर, आणि ‘सन कल्पित’ हे पेन्सिलने लिहा. मऊ पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं वापरू नका. त्यांतून उतरणारा हिरवा चिकट थर चांदी-तांब्याला खातो. संग्रहाची वही असेल तर फोटो आणि वजनासह नोंद त्यात करा, आणि वही कुठे आहे ते घरातल्या एकाला तरी सांगा. विकायची वेळ आली, तर हेच शब्द पावतीवर लिहा आणि घेणाऱ्याची सही घ्या.