स्थानिक वाहिनीच्या निवेदिकेवर विकिपीडियात लेख लिहिण्यापूर्वी

बेळगावच्या केबल वाहिनीवर रोज सायंकाळी बातम्या सांगणाऱ्या निवेदिकेचा चेहरा खानापूरपासून निपाणीपर्यंत ओळखीचा असला, तरी मराठी विकिपीडियावर तिचा स्वतंत्र लेख असावा की नाही, हे त्या ओळखीवरून ठरत नाही. तिच्याशी वा तिच्या वाहिनीशी संबंध नसलेल्या विश्वासार्ह प्रकाशनांनी तिच्याविषयी सविस्तर लिहिले आहे का, हे तुम्ही आधी पाहावे. गणेशोत्सवाच्या बातमीत ‘सूत्रसंचालन अमुक यांनी केले’ अशी शेवटची ओळ असते. तशी पन्नास कात्रणे जमवली तरी त्यांतून चरित्र उभे राहत नाही. वाहिनीच्या संकेतस्थळावरील परिचय किंवा पैसे देऊन छापून आणलेली पुरवणी तर मोजूच नये. मुलाखतीचा मात्र थोडा बारकाईने विचार करावा, कारण व्यक्तीने स्वतःविषयी सांगितलेले स्वतंत्र ठरत नसले, तरी मुलाखतकाराने स्वतः शोधून लिहिलेली प्रस्तावना कधीकधी उपयोगी पडते.

संदर्भ मराठीच असावा असे बंधन नाही, त्यामुळे बेळगावच्या ‘तरुण भारत’बरोबर कन्नड ‘प्रजावाणी’चे अंकही चाळावेत. एवढे करूनही संदर्भ अपुरे पडले, तर मजकूर धूळपाटीवर (विकिपीडियावरील कच्च्या लिखाणाच्या पानावर) राहू द्यावा, किंवा वाहिनीवर लेख असल्यास तेथे संदर्भासह एक ओळ घालावी. निवेदिका तुमची नातेवाईक वा सहकारी असेल, तर लेख स्वतः न लिहिता चर्चापानावर सुचवावा.