पैसे भरायच्या आधी वडिलांकडून यादी घ्या

तुमची अडचण मला समजली ती अशी: वडील निवृत्त आहेत, नाट्यसंगीत आणि जुनं शास्त्रीय ऐकतात. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीतून शिरोली एमआयडीसीत कामाला जाता-येता ऐकता. धाकटा भाऊ पुण्यात. तिघांत मिळून एखादं म्युझिक अ‍ॅप वर्षभरासाठी घ्यायचं, तर कुठलं?

अ‍ॅपचं नाव नंतर सांगतो. आधी एक कागद घ्या आणि वडिलांना त्यांच्या आवडीची वीस गाणी लिहून द्यायला सांगा. गायक, राग किंवा नाटक, आठवत असेल तर सोबतीला तबल्यावर कोण. माझं महाद्वार रोडजवळ कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाईक असंच बिलाच्या पाठीमागं यादी लिहून आणायचं आणि आम्ही साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट भरून द्यायचो. यादीतलं किती निघालं यावर गिऱ्हाईक पुन्हा येणार की नाही ते ठरायचं. माझ्याकडं एकूण किती कॅसेटी आहेत हे कुणी विचारलं नाही. आता मात्र दहा कोटी गाणी म्हटलं की आपण भुलतो. त्यातली वडिलांची वीस आहेत का, एवढंच बघायचं.

आपल्या गावात ही परीक्षा जरा अवघडच असते. जयपूर घराण्याची गायकी रुजवणारे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात होते, त्यामुळं त्या घराण्याचे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग इथल्या जुन्या लोकांच्या कानात बसलेत. अ‍ॅपला ते कळत नाही. मी ‘सावनी’ हा राग शोधला की मला पावसाळी सिनेमागीतं मिळतात. त्याच घराण्याचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या आडनावाची रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी चालते आणि काही ठिकाणी त्याप्रमाणं गाणी वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली असतात. म्हणून प्रत्येक गाणं तीनदा शोधा: देवनागरीत, रोमनमध्ये आणि नुसत्या रागाच्या नावानं. नाट्यगीताचं तर वेगळंच. वर दिसतं ते बहुतेक वेळा नव्या गायकाचं, सिंथेसायझर लावलेलं. मूळ ध्वनिमुद्रिका खाली कुठंतरी, ‘सदाबहार’ नावाच्या गठ्ठ्यात. सापडलं म्हणून लगेच खूण करू नका, वडिलांना ऐकवा. पहिल्या दोन सुरांत ते सांगतील हे कोण गातंय ते.

लांबीही बघा. केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आसपासच आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, त्यात अ‍ॅपचा दोष नाही. पण एलपीवरचा, म्हणजे नंतरच्या मोठ्या तबकडीवरचा, वीस मिनिटांचा ख्याल सहा मिनिटांतच विरत असेल, तर ती कापलेली प्रत आहे. फुली मारा.

माझ्या शेजारच्या काकांचा किस्सा सांगतो. फुकटच्या अ‍ॅपवर रविवारी सकाळी तोडी राग लावलेला, छोटा स्पीकर खिडकीत, हातात चहाचा कप. विलंबित, म्हणजे संथ भाग, संपलं. द्रुत, म्हणजे जलद भाग, पुढच्या ट्रॅकवर होतं. काकांनी मांडीवर त्रितालाची पहिली टाळी द्यायला हात उचलला आणि स्पीकरमधून एक बाई कर्ज देऊ लागली. जाहिरातीनंतर द्रुत आलंच नाही, कारण फुकटात शफल, म्हणजे गाणी उलटसुलट लागणं, बंद होत नव्हतं. आलं ते कुणाचं तरी भावगीत. काकांनी कप खाली ठेवला आणि रेडिओ लावला. शास्त्रीय ऐकणाऱ्यानं पैसे भरायचे ते मुख्यतः यासाठी. सिनेसंगीतवाल्याला दोन गाण्यांत जाहिरात आली तर फारसं बिघडत नाही.

आता आवाजाबद्दल. लॉसलेसच्या, म्हणजे दर्जा न घटवता दिलेल्या आवाजाच्या, नादाला लागून जास्तीचे पैसे देऊ नका. अ‍ॅपल म्युझिक 2021पासून ते त्याच पैशात देतं, म्हणून तिथं प्रश्न नाही. पण वडील ब्लूटूथ स्पीकरवर ऐकत असतील, तर वाटेत आवाज पुन्हा दाबला जातो. तारेचा हेडफोन किंवा चांगला अ‍ॅम्प्लिफायर असेल तरच फरकाची गोष्ट. 78च्या तबकडीची खरखर लॉसलेसमध्ये ऐकली तरी ती खरखरच. तुमच्या डेटाचा हिशोब सोपा आहे: 320 केबीपीएसला (हा आकडा जितका मोठा तितका आवाज चांगला आणि डेटा जास्त) तासाला साधारण 144 एमबी, 96ला 43, आणि सीडीच्या दर्जाचं लॉसलेस तीन-चारशेच्या घरात. शिरोलीच्या रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, तुम्हाला 96 आणि 320 यांतला फरक कळला तर माझ्याकडून तांबडा-पांढरा रस्सा. (आणि गाडी म्हणजे दुचाकी असेल तर दोन्ही कानांत इअरफोन घालू नका राव.)

डाउनलोड हवंच. गगनबावड्याच्या घाटात रेंज जाते तेव्हा त्याची किंमत कळते. पण ते गाणं तुमच्या मालकीचं होत नाही. स्पॉटिफायला तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेट दाखवावं लागतं, आणि वर्गणी संपली की सगळीकडंच डाउनलोड मुकं होतं.

यावरून वर्षाच्या प्लॅनबद्दल सांगतो. एका सेवेचे मी वर्षाचे पैसे एकदम भरले होते, नाव घेत नाही. आईसाठी चाळीस भजनांची यादी केली. पाचव्या महिन्यात त्यातली चौदा करड्या अक्षरांत, दाबली तरी वाजेनात. कंपनीचा करार संपला म्हणे. पैसे परत नाहीत, पर्याय म्हणून त्याच भजनांच्या दुसऱ्या कुणीतरी गायलेल्या प्रती. आई म्हणाली, “हा बाबा देवाला घाईत उरकतोय.” तेव्हापासून मी महिन्याचंच भरतो, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. अख्ख्या सेवाही गुंडाळल्या जातात: गुगल प्ले म्युझिक 2020मध्ये गेलं, रेसो भारतात जानेवारी 2024मध्ये बंद झालं, त्याच वर्षी विंकही. म्हणून वडिलांचा तो कागद फेकू नका, त्याचा फोटो काढून ठेवा. अ‍ॅपमधल्या यादीचा भरवसा नाही.

फॅमिली प्लॅनला भाऊ पुण्यात असल्यानं अडचण येऊ शकते. स्पॉटिफायची अट एकाच पत्त्यावर राहण्याची आहे, यूट्यूबची एकाच घरातल्या लोकांची. बरेच जण तरीही चालवतात, पण एक दिवस पडताळणी आली की भाऊ बाहेर. आणि वडिलांना स्वतंत्र खातं द्याच. एकाच खात्यावर तुमची जिममधली गाणी वाजली, तर त्यांच्या पानावर भीमपलासी रागाच्या शेजारी काय काय उगवेल ते तुम्हीच बघा.

पैसे भरताना ऑटोपे लागतं. फुकटचा महिना संपायच्या आधी ते रद्द करायचं असेल तर नुसतं अ‍ॅप काढून टाकून भागत नाही, खात्यात जाऊन वर्गणी रद्द करा आणि यूपीआय अ‍ॅपमधला मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, तीही बघून घ्या. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते, पण वडिलांच्या फोनवर रोज पन्नास मेसेज येत असतील तर ती कोण वाचतंय?

आता नावं. वडिलांसाठी माझा कौल यूट्यूब प्रीमियमला. कारण संग्राहकांनी टाकलेल्या जुन्या मैफली आणि प्रसार भारतीच्या संग्रहातली रेकॉर्डिंगं तिथं आहेत, त्यातलं बरंचसं इतर अ‍ॅपवर कधी येणारच नाही. यूट्यूब म्युझिक त्यातच येतं. गाण्यांखालची नावनिशी गचाळ आहे, तबलजीचं नाव शोधत बसावं लागतं, पण माल आहे. घरी आयफोन आणि बरी साउंड सिस्टीम असेल तर अ‍ॅपल म्युझिकही त्याच यादीवर तपासा. तुमच्यासाठी मात्र स्पॉटिफाय किंवा जिओसावन, जे हाताला बसेल ते, आणि पहिले दोन महिने फुकटच वापरा. तिघांना एकच अ‍ॅप हवं हा हट्ट सोडा.

वीसपैकी चौदा-पंधरा मूळ प्रती सापडल्या तर घ्या. दहाच्या खाली असेल तर तूर्त फुकटच बरं. वडिलांची यादी झाली की इथं टाका. जे सापडत नाही त्याच्या स्पेलिंगा माझ्याकडं वहीत लिहून ठेवल्यात, जुळवून देतो.