शत्रूला मारण्याआधी त्याचा टर्न काढून घे

तू खेळात विझार्ड (जादूगार) घेतला आहेस आणि प्रत्येक राउंडला डॅमेजच मोजतोयस, म्हणून हे लिहितोय. डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत 1 हिट पॉइंट (किती मार सोसता येईल तो आकडा) उरलेला राक्षसही पूर्ण ताकदीने वार करतो. जखमी झाला म्हणून तो दुबळा होत नाही. पॅरालाइझ (लुळा) झालेला मात्र काहीच करू शकत नाही.

होल्ड पर्सन हा पॅरालाइझ करणारा मंत्र घे. शत्रूचा विस्डम सेव्ह (मंत्रातून वाचण्यासाठी मनोबलावर टाकलेला फासा) फसला की त्याच्यावरच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळतो, आणि 5 फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल (डॅमेजचे फासे दुप्पट) ठरतो. पण टर्नचा क्रम आधी बघ! शत्रू स्वतःच्या टर्नच्या शेवटी पुन्हा सेव्ह करतो. तुझ्यानंतर लगेच त्याचाच टर्न असेल, तर तुझे साथीदार पोहोचेपर्यंत तो सुटलेला असू शकतो. त्याच्यामागोमाग आणि फायटर (लढवय्या) आणि रोग (Rogue, चोरटा) या साथीदारांच्या आधी तुझा टर्न येत असेल, तर याहून चांगला मोका नाही. हा मंत्र फक्त ह्यूमनॉइडवर (माणसासारख्या प्राण्यांवर) चालतो, आणि कॉन्सन्ट्रेशन लागतं (मार बसला तर ते तुटू शकतं), म्हणून मागे उभा राहा.

सेव्ह निवडतानाही डोकं लाव. धिप्पाड ओगर राक्षसावर कॉन्स्टिट्यूशन (शरीराचा काटकपणा) सेव्हचा मंत्र टाकू नकोस, त्याचं विस्डम कच्चं असतं. मोठ्या ड्रॅगनकडे लेजेंडरी रेझिस्टन्स (फसलेला सेव्हही यशस्वी ठरवायची सोय) असतो, तिथे पहिले मंत्र वाया जातील असं धरूनच चाल.

मंत्र संपले तर फायटरला सांग, आधी पाडायचं, मग ग्रॅपल करायचं (धरून ठेवायचं). ग्रॅपलने वेग शून्य झाला की उठताच येत नाही. फक्त तुमचा तिरंदाज लांब असेल तर हे टाळा, पडलेल्यावर लांबून नेम धरताना डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फाशांतला लहान आकडा) येतो.