प्रश्नावली छापण्याआधी

प्रिय,

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. मेहनत घेतली आहेस. पण शीर्षकात ‘समुदाय-आधारित’ लिहायचं आणि प्रश्नावली आधीच पक्की करून सोबत जोडायची, हे काही जुळत नाही. अपंग व्यक्तींना तू बोलावणार ते फक्त उत्तरं द्यायला.

अपंगत्वावरच्या संशोधनातलं एक जुनं भांडण तुला माहीत असायला हवं. १९६० च्या दशकात इंग्लंडमधल्या ‘ल कोर्ट’ निवासगृहातले अपंग रहिवासी आपल्या रोजच्या जगण्यावर आपलाच ताबा असावा म्हणून व्यवस्थापनाशी झगडत होते. त्यांनी स्वतःहून संशोधक बोलावले. एरिक मिलर आणि जेराल्डिन ग्विन आले, त्यांनी अभ्यास केला आणि १९७२ मध्ये तो छापला. निष्कर्ष काय, तर अशा ठिकाणी आलेली माणसं समाजाच्या लेखी मेलेलीच असतात आणि खऱ्या मरणापर्यंतची वाट सुसह्य करणं हे संस्थेचं काम. रहिवाशांपैकी पॉल हंट यांनी या संशोधकांच्या तथाकथित तटस्थतेचा पंचनामा केला. त्यांच्या मृत्यूनंतर, १९८१ मध्ये आलेल्या लेखात त्यांनी अशा संशोधकांना सरळ परजीवी म्हटलं. झोंबतं खरं, पण मला त्यात काही चूक दिसत नाही.

आता तुझा सातवा प्रश्न बघ: ‘अपंगत्वामुळे प्रवासात कोणत्या अडचणी येतात?’ ब्रिटनमधल्या एका सरकारी पाहणीत असंच विचारलं होतं, की वस्तू धरायला, फिरवायला कोणत्या व्याधीमुळे त्रास होतो? मायकेल ऑलिव्हर या समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः व्हीलचेअर वापरत, १९९० मध्ये तो उलटा करून दाखवला: बरण्या, बाटल्या, डबे यांच्या रचनेतल्या कोणत्या दोषांमुळे ते धरायला त्रास होतो? हात तोच, बरणी तीच. पहिलं उत्तर डॉक्टरकडे जातं, दुसरं बरणी बनवणाऱ्याकडे. तुझा सातवा प्रश्न मी दुरुस्त करून देणार नाही. ज्यांना रोज प्रवास करावा लागतो त्यांच्यापुढे ठेव.

मोजदाद हवी असेल तर वॉशिंग्टन ग्रुपचे, म्हणजे अपंगत्वाच्या आकडेवारीवर काम करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या गटाचे, सहा प्रश्न वापर: पाहणं, ऐकणं, चालणं, लक्षात ठेवणं, स्वतःची काळजी, संवाद. त्यांत ‘अपंग’ हा शब्द मुद्दामच नाही, कारण थेट विचारलं की संकोचापोटी अनेकजण नाही म्हणतात. मानसिक आजार मात्र या सहांच्या जाळीतून बरेच निसटतात, तेवढं नमूद कर.

अपंगांच्या संघटनेचा अध्यक्ष भेटला म्हणजे समुदाय भेटला, असं धरून चालू नकोस. घराबाहेर न पडणाऱ्या बायका, संस्थांमध्ये ठेवलेली माणसं तिथे नसतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणाला काही विचारलं तर बहुतेक वेळा शेजारी बसलेली आईच बोलून टाकते. तिला गप्प करू नकोस, तिचं म्हणणं वेगळं टिपून घे. मग त्याच्यापुढे चित्रं ठेव, प्रश्न सोपा कर आणि थांब. खूप थांबावं लागतं. एका मुलाखतीला अर्धा तास धरला आहेस, तो अजिबात पुरणार नाही.

बजेटमध्ये सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही, ब्रेल आणि ऑडिओ संमतिपत्राची सोय नाही, सहसंशोधक म्हणून सोबत घ्यायच्या अपंग व्यक्तींचं मानधन तर नाहीच. प्रमाणपत्रावर कुणाची बोळवण करू नये. निष्कर्ष जर्नलकडे जाण्याआधी त्यांच्यापुढे वाचले जावेत. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम ३१ सरकारांना आकडेवारी गोळा करायला सांगतं, तशीच ती अपंग व्यक्तींना वापरता येईल अशी खुली करायलाही सांगतं. मग आपल्या संशोधकांना वेगळी सवलत कशाला?

गाईड म्हणतील, एवढा वेळ कुठे आहे? वेळापत्रकाच्या पहिल्याच ओळीत ‘प्रश्न ठरवणं’ असं लिही, म्हणजे तो वेळ कामातच धरला जाईल. आणि पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा त्यावर माझ्याआधी त्या अपंग व्यक्तींपैकी कुणाची तरी खाडाखोड झालेली असू दे.