वाचकांचे प्रश्न : अलास्काची क्रूझ

प्रश्न : जूनमध्ये सत्तरीतल्या आई-बाबांना घेऊन व्हँकूव्हरहून अलास्काच्या क्रूझला जाणार आहोत. कोणती केबिन घ्यावी? कपडे काय न्यावेत?

उत्तर : आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर अमेरिका आणि कॅनडा, दोन्हींचे व्हिसा लागतात. एकच काढून निघालेल्यांना जहाजावर चढू देत नाहीत.

केबिन खालच्या डेकवर, जहाजाच्या मध्यावर घ्या. हेलकावे तिथे सगळ्यात कमी. इनसाइड पॅसेजचं, म्हणजे किनारा आणि बेटांमधल्या जलमार्गाचं, पाणी बेटांच्या आडोशामुळे शांत असतं. पण सूअर्ड किंवा व्हिटियर या अलास्कातल्या बंदरांपर्यंत जाणार असाल, तर अलास्काच्या आखातात उघडा समुद्र लागतो. बोट लागण्याची गोळी मळमळ सुरू होण्याआधीच घ्यायची, तीही आई-बाबांच्या डॉक्टरांना विचारून. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर गोल फिरतं, त्यामुळे डावी-उजवी बाजू निवडण्यासाठी जादा पैसे मोजू नका.

वाटेतल्या केचिकन बंदरात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपलं कोकणच, फक्त गारठलेलं. छत्री वाऱ्यात उलटते. टोपीचं जलरोधक जाकीट हवं. आत लोकरी किंवा फ्लीसचा थर घाला. जीन्स नकोच, भिजली की दिवसभर वाळत नाही. ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण मात्र प्रत्येकी एक न्या, देवमासा दिसेपर्यंत एकमेकांच्या हातातून ओढत बसायला वेळ नसतो.

अलास्काचं घड्याळ व्हँकूव्हरच्या एक तास मागे. बंदरावर उतरताना जहाजाची वेळ पाहून घ्या, मोबाइलवर विसंबू नका. समुद्रात फोन एअरप्लेन मोडवर, नाहीतर जहाजाच्या नेटवर्कचं बिल घरी येतं.