हिरवी खूण दिसते, पण जॅकेट फुगेल का?

प्रश्न : देवबागच्या खाडीत आणि बाहेर समुद्रात कयाक चालवताना कमरेला बांधायचं, दोरी ओढल्यावर फुगणारं जॅकेट वापरतो. त्यावर हिरवी खूण दिसते. पावसाळ्यानंतर वेगळी तपासणी करावी लागते का? (एक वाचक, मालवण)

हो, आणि पहिल्यांदा पाण्यात उतरण्याच्या आधीच. बहुतेक साध्या, हाताने चालणाऱ्या जॅकेटमध्ये ती हिरवी खूण एवढंच सांगते की दोरी अजून ओढलेली नाही. जॅकेट फुगवणाऱ्या वायूचा आतला सिलिंडर वापरलेला असला किंवा सैल झाला असला तरी ती हिरवीच दिसते.

सिलिंडर फिरवून बाहेर काढा आणि तोंडावरचा पातळ पत्रा बघा. टाचणीएवढं भोक दिसलं तर सिलिंडर संपलेला आहे. भोक नसेल तर वजन करा. किमान एकूण वजन सिलिंडरवरच कोरलेलं असतं. काटा १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. घरात नसेल तर ओळखीच्या सराफाकडे जा. इथे हमखास गफलत होते. ‘३३ ग्रॅम’ असा जो आकडा लिहिलेला असतो तो आतल्या वायूचं वजन, धातूसकट सिलिंडर त्याहून कितीतरी जड असतो. कोरलेल्या वजनापेक्षा कमी भरला तर तो बाद. गंज खरखरीत झाला असेल तर वजन बरोबर असूनही बदला, कारण घडीत तोच गंज हवेच्या पिशवीला घासत राहतो.

सिलिंडर बाहेर असतानाच दोरी एकदा ओढा. सिलिंडरचा पत्रा फोडणारी आतली सुई पुढे येऊन सहज मागे गेली पाहिजे. मिठाने अडकत असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून पुन्हा बघा. ओढताना हिरवी क्लिप तुटते, म्हणून त्याच मॉडेलची नवी आधीच आणून ठेवा.

आता पिशवी. तोंडाच्या नळीतून हवा भरा. छोटा पंप नळीला बसत असेल तर उत्तमच, श्वासातला दमटपणा आत राहत नाही. टणक फुगवून सावलीत २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दाबून बघा. दुपारी ३२ अंशांत भरलेली हवा पहाटे २४ अंशांत सुमारे अडीच टक्के आकसते, म्हणून पहाटेचा थोडा मऊपणा म्हणजे गळतीच असं नाही. दुसऱ्या दुपारीही मऊ असेल तर नळीचं टोक, तिचं बूड, सिलिंडरची बैठक आणि कडेचे जोड यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे नळीच्या टोकातून येत असतील तर बहुधा झडपेत वाळूचा कण असतो आणि धुतल्यावर गळती थांबते. जोडातून येत असतील तर जॅकेट टाकून द्या. तिथे ठिगळावर भरवसा ठेवू नका.

हवा काढताना नळीचं टोपण उलटं करून झडप दाबा. पेन किंवा खिळा घातला तर झडप कायमची जाते. सिलिंडर हाताने घट्ट बसवा, पक्कड नको. सायकलच्या ट्यूबचा १६ ग्रॅमचा सिलिंडर आट्यात बसला तरी ३३ ग्रॅमच्या जॅकेटला जेमतेम निम्मा वायू देईल.

एक सिलिंडर खर्ची घालून कमरेएवढ्या पाण्यात खरी चाचणीही करा. कमरेचं जॅकेट फुगल्यावर स्वतःच्या हाताने डोक्यातून घालावं लागतं, आणि छातीवर फुगलेली पिशवी घेऊन कयाकवर चढणं अवघड जातं. फुटत्या लाटांत जायचं असेल तर आम्ही फोमचंच जॅकेट घालायला सांगू.

प्रश्न : कपाटात टांगलेलं जॅकेट जुलैत आपोआप फुगलं. बिघाड आहे का? (एक वाचक, रत्नागिरी)

तुमचं जॅकेट पाणी लागताच फुगणारं असणार. अशा अनेक जॅकेटांत पाण्यात विरघळणारी गोळी स्प्रिंग अडवून धरते. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत ती हळूहळू मऊ होते आणि एक दिवस स्प्रिंग सुटते. नवी गोळी घालताना तिच्यावरची तारीख बघा आणि जॅकेट साठवताना सिलिंडर व गोळी काढून हवाबंद डब्यात ठेवा. कयाकला मात्र हा प्रकार नकोच, तुषार आणि पलट्या यांनीच तो फुगून बसतो.

प्रश्न : पॅडल फ्लोट (उलटल्यावर कयाकवर परत चढताना आधारासाठी वल्ह्याच्या पात्यावर चढवायची फुगवायची पिशवी) दोन कप्प्यांचा आहे. दोन्ही एकदम फुगवून तपासला तर चालेल? (एक वाचक, पणजी)

चालणार नाही. एकच कप्पा भरा, दुसरा रिकामा आणि त्याची झडप बंद ठेवा. तासाभराने रिकामा कप्पा फुगू लागला तर मधला पडदा फाटलेला आहे, म्हणजे एका भोकाने दोन्ही कप्पे जातील. मग उलट बाजूने तेच करा. नंतर फ्लोट वल्ह्याच्या पात्यावर चढवून बकल लावा आणि जोरात ओढा. तो पात्यावरून निसटला तर टणक फुगण्याचा काही उपयोग नाही. ओल्या हातांनी झडप सापडते का, तेही बघा.

प्रश्न : अंदमानला विमानाने जाताना सिलिंडर नेता येतो का? (एक वाचक, पुणे)

जॅकेटमध्ये बसवलेले छोटे सिलिंडर आणि मोजके सुटे नेता येतात, पण विमान कंपनीची परवानगी आधी लागते. ती लेखी घ्या आणि जॅकेटचं माहितीपत्रक सोबत ठेवा. परवानगी नाही मिळाली तर फोमचं जॅकेट न्या.