दार कोणी उघडं ठेवलं?

‘ताई, मी इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्वतःच्या कामाबद्दल आणि पुढच्या उद्दिष्टांबद्दल एक पानी निवेदन द्यायचंय. कितीतरी मसुदे केले, सगळे खोटे वाटतात. वर्गात प्रत्येकाची स्वतःची स्टाइल आहे, माझीच नाही. कधी वॉटरकलर, कधी डिजिटल, कधी नुसतं पेन. मुलांची पुस्तकं करू, मासिकांसाठी काढू की कॉमिक्सकडे वळू, तेही ठरत नाही. त्यात एका मैत्रिणीच्या गोष्टीसाठी चित्रं काढली, तर ती म्हणाली, “ही माझी मुलगी नाहीच.” हरवलेलं मांजर शोधणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. मी मुलगी हसरी, धाडसी काढली, हातात टॉर्च दिला. मैत्रीण म्हणते, दार त्या मुलीनेच उघडं ठेवलं होतं, तिसऱ्या पानावर तसं लिहिलंय. सबमिशनच्या गडबडीत मी सारांशावरूनच काढत होते. तिला चित्रातलं काही कळत नाही, तरी लागलं मनाला. माझी स्टाइल मला कशी सापडेल?’

सारांशाचं ते वाक्य तू जाता जाता लिहिलंस आणि पुढे गेलीस. मला मात्र तिथून पुढे जाता येईना.

अगं, तू गोष्ट वाचलीच नाहीस. आणि वर मैत्रिणीला चित्रातलं कळत नाही म्हणतेस. तिला नेमकं कळलंय. आपल्या हातून दार उघडं राहिलं आणि मांजर गेलं, हे जिला ठाऊक आहे, ती मुलगी टॉर्च घेऊन हसत फिरणार नाही. ती घरातल्या कुणाच्या नजरेला नजर देणार नाही. ‘दार कोणी उघडं ठेवलं?’ असं कुणी विचारायच्या आत तिला ते मांजर सापडायला हवंय. ही घाई तिच्या खांद्यांत दिसेल, चौकटीत ती कुठल्या कडेला उभी आहे त्यात दिसेल. कदाचित प्रत्येक पानावर मागे कुठेतरी ते दार असेल आणि तिची पाठ कायम त्या दाराकडे असेल. मी चित्रकार नाही, तरी तुझ्या पत्रातल्या एका ओळीवरून मला एवढं दिसायला लागलं. तुझ्याकडे तर अख्खी गोष्ट होती. मांजर शेवटी सापडतं की नाही, हे मी तुझ्या पत्रात दोनदा शोधलं. तू ते लिहिलेलं नाहीस, आणि मला वाटतं, तुला ते माहीतच नाही.

इंग्रज चित्रकार जॉन टेनिएल लेखक लुईस कॅरलच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ची, म्हणजे अ‍ॅलिस नावाच्या मुलीच्या दुसऱ्या पुस्तकाची, चित्रं करत होता, तेव्हा १८७० साली त्याने कॅरलला पत्र लिहिलं. विग घातलेल्या गांधीलमाशीच्या प्रकरणात त्याला जराही रस वाटत नव्हता, त्याचं चित्रही सुचत नव्हतं. पुस्तक कमी करायचं असेल तर हेच काढा, असं त्याने सुचवलं. रेल्वेच्या प्रसंगाबद्दलही त्याचं म्हणणं होतं: डबा उसळतो तेव्हा अ‍ॅलिसने म्हातारीचे केस धरण्याऐवजी सगळ्यात जवळ असलेली बोकडाची दाढी धरावी. कॅरलने दोन्ही मानलं. डब्यात कोण कुणाच्या किती जवळ बसलंय, इतकं बारीक वाचलेला माणूसच लेखकाला असं सांगू शकतो.

आता स्टाइल. मुलांच्या पुस्तकांचा लेखक आणि चित्रकार मॉरिस सेंडॅक, त्याचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ बघ: पेनच्या बारीक रेघांवर रेघा, पानागणिक मोठी होत जाणारी चित्रं, आणि ऐन भरात सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मग त्याचंच १९७० चं ‘इन द नाइट किचन’ बघ: जाड बाह्यरेषा, कॉमिक्ससारख्या चौकटी, संवादाचे फुगे. हात एकच, पण दोन गोष्टींनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या. तू कधी वॉटरकलर, कधी पेन घेतेस यात मला काही खोट दिसत नाही. फक्त त्या गोष्टीसाठी तेच का घेतलंस, याचं उत्तर तुझ्याकडे हवं. सारांश वाचून ते कुठून येणार?

मसुदे तुला खोटे वाटतात, हे मात्र मला फार आवडलं. छान छान शब्द जुळवून पान देऊन टाकता आलं असतं, तू दिलं नाहीस. तुझ्या आतला वाचक जागा आहे, त्याला फक्त वाचायला दे. पुस्तकं की मासिकं की कॉमिक्स, हे आत्ता ठरवायची काही गरज नाही.

मैत्रिणीला आजच फोन कर. ‘मी तुझी गोष्ट वाचली नव्हती’ असं सरळ सांग, गडबडीचं कारण देऊ नकोस. मग पेन्सिल दुसऱ्या खोलीत ठेवून गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच, पुन्हा एकदा मोठ्याने वाच, आणि जिथे आवाज अडखळेल तिथे खूण कर. त्या खुणांपासून लहान लहान थंबनेल, म्हणजे अंगठ्याएवढी कच्ची चित्रं, सुरू कर. जुनी चित्रं दुरुस्त करत बसू नकोस, हसू पुसून ती मुलगी बदलणार नाही. नवी काढ. निवेदन त्यानंतर लिही, आणि त्यात एवढंच लिही की मुलीला कुठे उभं केलंस आणि का. मुदत आड येत असेल तर सरांकडून चार दिवस मागून घे.